बँकेची भिंत

माझ्या घरातल्या भिंतींवर एकंदर सदतीस खिळे आहेत. एका रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून मोजले. त्यांतल्या एकवीस खिळ्यांवर काहीही टांगलेलं नाही. ते कशासाठी ठोकले होते हे मला आठवत नाही. माझ्या बायकोला, सुनीताला आठवतं, पण ती सांगत नाही. घर अजून कर्जात आहे. ते कर्ज मी मध्ये दोनदा वाढवून घेतलं, एकदा गाडीसाठी आणि एकदा सोफा आणि केरळ मिळून. सोफा बसला, केरळ पाहून झालं, हप्ता चालू आहे.

हिराजीदादांच्या घरात अठरा वर्षं एकही खिळा नव्हता.

हिराजी म्हात्रे आमच्या रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर होते. मी टाइम ऑफिसात. म्हणजे कोण किती वाजता आला, कोणाची रजा किती उरली, कोणाचा पीएफचा फॉर्म कुठे अडकला, हे सगळं माझ्या टेबलावर. स्वतःचं सोडून सगळ्यांच्या भवितव्याची काळजी वाहण्याचा मला पगार मिळतो. आम्ही दोघंही पेणचे, त्यामुळे त्यांची पहिली पाळी असली की कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा माझी. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला भाऊ.

बेताची उंची, भट्टीने रापलेला चेहरा आणि उजव्या कानावर कायम एक पेन्सिल. बॉयलरपाशी बॉलपेनची शाई ओघळते, म्हणून पेन्सिल. दर तासाला दाब किती, पाणी किती हे लॉगशीटवर लिहायचं, हे त्यांचं काम. बॉयलरला एक उभी काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. नवीन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली की दादा लांबूनच ओरडायचे, "काचेत बग रे! मोबाइल फुटला तर चारशेची काच जाल. हा फुटला तर आपन जाव." बसमध्येसुद्धा ते बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि खिडकीच्या काचेकडे बघत राहायचे. मला वाटायचं, बाहेर काही दिसतंय. बाहेर काही नसायचं.

पेणला स्टेशनच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. एक बेडरूम, एक हॉल, एक स्वयंपाकघर. मुलगी प्रणाली सहा वर्षांची. गृहप्रवेशाला जाताना मी भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेलो. चांगलं हातभर लांब, खाली हलणारा लंबक. दादांनी ते दोन्ही हातांनी उचलून बघितलं, पुन्हा खोक्यात ठेवलं.

"भाऊ, घड्याल एक नंबर हाय. पन लावाचा कुठं?"

"भिंतीवर लावा ना. खिळा नसेल तर मी आणतो खालून."

"खिला हाय. भिंत नाय."

मी चारी बाजूंना पाहिलं. भिंती होत्या, चार होत्या, नुकताच पिवळा रंग दिलेल्या होत्या.

"ती बँकेची हाय," दादा म्हणाले. "आपली झाली का ठोकू."

मी मोठ्यांदा हसलो. लतावैनी सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. "हसू नका भावजी. कॅलेंडर बी दाराच्या कडीला टांगलाय. कोन आला-गेला का जानेवारी फडफडतंय."

त्या घरात बँकेचा नसलेला एकच उभा पृष्ठभाग होता, तो म्हणजे फ्रिज. तो वैनींनी स्वतःच्या पैशांनी, रोखीने घेतला होता. गणपतीच्या आधीचे चार-पाच महिने त्या जोह्याला कारखान्यात मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी रंग लावायला जायच्या. दिवाळीपर्यंत त्यांच्या नखांत सोनं असायचं. त्या पैशाला दादांनी कधी हात लावला नाही. "तो लताचा," म्हणायचे. तर त्या फ्रिजवर सगळा संसार होता. दाराला देवाचं चुंबक, बाजूला शाळेचं वेळापत्रक, वर दादांच्या वडिलांचा फोटो टेकवून ठेवलेला. माझं घड्याळ आधी फोटोशेजारी उभं केलं. फ्रिजचं दार लावलं की ते पडायचं. तीनदा पडल्यावर वैनींनी ते आडवं निजवलं. काटे चालायचे, लंबक मेल्यासारखा पडून राहायचा, आणि वेळ बघायची झाली की विहिरीत डोकावतात तसं फ्रिजवर वाकायचं. प्रणालीचा हात तिथे पोचायचा नाही. ती खालून विचारायची, "आई, वाजले किती?"

भिंतीचं हे वेड म्हणजे कंजूषपणा, असं मी काही वर्षं समजत होतो. बसमध्ये त्यावर मी विनोदही करायचो. एकदा दादांनी शांतपणे मला हिशेब सांगितला. हिशेब सोपा होता. कर्ज वीस वर्षांचं. शेवटचा हप्ता साठाव्या वर्षी. कंपनीतला शेवटचा पगार अठ्ठावन्नाव्या वर्षी.

"मदली दोन वर्सं," दादा म्हणाले, "ती खांड हाय."

खाडीच्या काठची शेतं आणि मिठागरं खाडीपेक्षा खाली असतात. त्यांना मातीचा बांध असतो. उधाणाला बांध फुटून जे भगदाड पडतं, ती खांड. एकदा खांड गेली की पाणी फक्त आत येतं असं नाही, ते जमीन खारी करून जातं आणि पुढची कित्येक वर्षं तिथे काही उगवत नाही. दादांचं गाव तिकडचं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. गावात रीत अशी की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर जाणार आणि ओंजळभर का होईना, माती टाकून येणार. भेग दिसली तरी टाकायची, नाही दिसली तरी टाकायची.

दादा कर्जाला तशीच माती टाकायचे. हप्ता पगारातून आपोआप जायचा, तो वेगळा. अमावास्या आणि पौर्णिमा आली की ते बँकेत जाऊन मुद्दलात थोडी थोडी रक्कम भरायचे. कधी हजार, कधी पाचशे. उधाण रविवारी आलं तर शनिवारीच. काउंटरवरच्या बाई आधी वैतागल्या, मग सरावल्या. एकदा मी सोबत होतो. बाई म्हणाल्या, "म्हात्रे, अमावास्येला कोणी पैसे भरतं का? लोक आज पर्स उघडत नाहीत."

"उधान अमावास्येलाच येतंय, बाय," दादा म्हणाले. "दशमीला माती टाकून काय करू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी, कंपनीचा सुशिक्षित माणूस, उगाच मान डोलावली.

हे झालं कर्जाचं. दुसरी बाजू म्हातारपणाची. दर एप्रिलला ते माझ्या टेबलाशी यायचे. "भाऊ, या वर्सी पीएफ आनकी जरा जास्ती काप." कायद्याने कापतात ते वेगळं, हे आपखुशीने. बॉयलरवरची पोरं चिडवायची, "काका, म्हातारा व्हायची इतकी घाई?" दादा चिडत नसत. मी एकदा नीटच विचारलं की कर्ज तरी आधी फेडा, नाहीतर म्हातारपणाचं तरी बघा, दोन्हीकडे एकदम कशाला ओढता?

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. मिठागराचं काम सुटल्यावर वडिलांकडे कसलीच मिळकत नव्हती. विडीला, चहाला पैसे लागायचे. मुलाकडे मागायची लाज. मग ते सकाळी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे आणि खोकायचे. आजार काही नव्हता. खोकला ऐकला की दादा खिशातून नाणी काढून उंबऱ्यावर ठेवायचे. नाणी उचलली गेली की खोकला बंद.

"तोंडानं कदी एक रुपाया मागला नाय," दादा म्हणाले. "मी पन कदी हातात दिला नाय. उंबऱ्यावर ठेवाचो. बाराएक वर्सं. मना पोरीच्या दारात खोकाला नाय जायाचा."

इतकं बोलून त्यांनी खिडकीच्या काचेकडे तोंड फिरवलं. नागोठणं आलं होतं. मी त्यानंतर विनोद बंद केले. घरी जाऊन ही गोष्ट सुनीताला सांगितली. ती म्हणाली, "शिका त्यांच्याकडून काहीतरी." त्याच आठवड्यात सोफा आला.

आता तिसरी बाजू. तिला नाव काय द्यावं मला कळत नाही. सुनीता तिला 'घर' म्हणते.

दादा रविवारी ओव्हरटाइम करायचे. रविवारचा पगार दुप्पट मिळतो. "घरी बसला तर रविवार खर्च व्हतंय. तिकडं बसला तर जमा," हे त्यांचं वाक्य मी स्वतः टाइम ऑफिसात चारचौघांना ऐकवलेलं आहे. त्यांच्या हजेरीच्या कार्डावर रविवारचे लाल रकाने सगळे भरलेले असायचे. ते भरायचो मी. बाहेर जेवायला जाणं नाही, कुठे फिरणं नाही. वर्षातून एकदा दीड दिवसाचा गणपती, त्यालाही मखर भिंतीला न टेकवता. भंगारातले पाइप जोडून दादांनी एक सांगाडा केला होता, गणपती त्यात बसायचा. चिकटपट्टीसुद्धा चालायची नाही, रंग निघतो म्हणून.

पण प्रणालीच्या बाबतीत त्यांची एक गोष्ट होती. शाळा उघडायच्या दिवशी, जूनमध्ये, ते तिची उंची मोजायचे. भिंतीला उभं करायची सोय नव्हती. मग तिला फ्रिजला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर फुटपट्टी आडवी धरायची, फ्रिजवर खडूची रेघ ओढायची, मेंटेनन्समधून आणलेल्या टेपने मोजायचं आणि खडू पुसून टाकायचा. माप लिहायचे एका कागदावर. तो कागद मी पाहिला आहे. बॉयलरची कोरी लॉगशीट होती. वरचे छापील मथळे खोडून त्यांनी पेन्सिलने नवीन लिहिले होते. तारीख. बाकी मुद्दल. पीएफ. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे काचेतल्या पाण्याची पातळी लिहितात तिथे, 'पोरगी'.

एक रकाना खाली येत होता, दोन वर चढत होते. ते मला दाखवताना दादांच्या तोंडावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन. नंतर ते मला फारसं दिसलं नाही.

पाचवीत असताना प्रणाली फ्रिजपेक्षा उंच झाली. "आता मना वेल कलतंय," असं तिने मला सांगितलं होतं, घड्याळात वाकून दाखवत. उंची मोजायला मग फ्रिजवर पिठाचा डबा ठेवायला लागले.

ती आठवी संपवून नववीत जाणार होती त्या वर्षी बँकेचं पत्र आलं. व्याजाचा दर वाढला होता. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली होती. तीन ओळींचं पत्र, त्यात अकरा महिने गेले. इतक्या वर्षांच्या अमावास्यांची माती एका पत्राने वाहून नेली. दादांनी ते पत्र बसमध्ये माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पीएफमदून काडता येतंय ना घरासाठी? मातीचा मोठा गोना टाकू."

येतं. फॉर्म मी भरला. कंपनीतले सगळे फॉर्म मीच भरतो. इंग्रजीत असतात, आणि माझं अक्षर चांगलं आहे याचा मला अभिमान आहे. सही करायची तिथे मी पेन्सिलने फुली करून देतो, समोरचा माणूस न वाचता सही करतो. आमच्या कंपनीत ही पद्धतच आहे. पीएफची रक्कम आली. आता ती बँकेत मुद्दलात भरायची, तर बँकेचाही एक फॉर्म. त्यात दोन चौकोन होते. रक्कम भरल्यावर मुदत कमी करायची की हप्ता कमी करायचा, एकावर खूण करा.

दादांनी तो फॉर्म माझ्याकडे दिला तो शनिवार होता. रविवारी दुपारी लतावैनी आमच्या घरी आल्या. दादा अर्थात कंपनीत. पेणचे पोह्याचे पापड घेऊन आल्या होत्या. सुनीताशी इकडचं तिकडचं बोलल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, टेकल्या नाहीत. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या,

"भावजी, त्या फॉर्मात हप्ता कमी व्हतंय म्हनतात. खरा काय?"

"होतो ना. दोन्ही करता येतं. हप्ता तरी कमी, नाहीतर वर्षं तरी कमी."

"हप्ता कमी झाला तर त्यांना रविवारी जायाला नको ना?"

मी म्हणालो, तसं बघितलं तर नको.

"मना काय सोना नको, गाडी नको," वैनी म्हणाल्या. "पोरगी आता मोठी झाली. चार वर्सांनी ती काय घरात रेल? रविवारचे तेवडे घरी असावेत. तिगं जनी एकत्र जेवू. जेवान बी मीच करीन." आणि मग चपलेकडे बघत, "मी सांगितला म्हनून सांगू नका."

सोमवारी सकाळी मी 'हप्ता कमी करावा' या चौकोनात खूण केली. अक्षरासारखीच माझी खूणही चांगली येते. दादांनी फुलीवर सही केली.

पुढच्या महिन्यात ते बसमध्ये चढले ते पासबुक हातात घेऊनच. शेजारी बसले. रेल्वेचं फाटक गेलं, नागोठणं गेलं. रोह्याच्या अलीकडे पासबुक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. हप्ता साडेतीन हजारांनी उतरला होता. शेवटची तारीख होती तिथेच.

"चुकून?" त्यांनी विचारलं.

"चुकूनच, दादा. दोन चौकोन शेजारी शेजारी होते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बॉयलरच्या काचेकडे बघतात तसं.

"लता आलेली तुज्याकडं."

मी पासबुक मिटून त्यांना परत दिलं. बसमध्ये गाणी चालू होती.

"बरा," दादा म्हणाले आणि पासबुक खिशात ठेवलं.

मला वाटलं, चला, झालं. थोडे बोलतील, मग सवय होईल. आता यांचे रविवार मोकळे. मी स्वतःवर थोडा खूषही झालो. महिना संपल्यावर हजेरीचं कार्ड भरायला घेतलं तर चारही रविवार लाल. हप्त्यातून सुटलेले साडेतीन हजार दादा आता अमावास्येच्या मातीत टाकत होते, आणि गेलेला पीएफ भरून काढायला एप्रिलची वाट न बघता त्यांनी आणखी रक्कम कापायला सांगितली होती. तो अर्जही माझ्याच अक्षरात आहे. पहिल्यांदाच त्यांनी सही करण्याआधी तो वाचला. इंग्रजी फारसं येत नव्हतं. बोट ठेवून ठेवून वाचला.

त्या वर्षी शाळा उघडली तो सोमवार होता. रविवारच्या रात्रपाळीला माणूस आला नाही म्हणून दादा सोमवारी दुपारपर्यंत बॉयलरवरच राहिले. संध्याकाळी घरी गेले, टेप काढली, पिठाचा डबा फ्रिजवर ठेवला आणि प्रणालीला हाक मारली. तिने आतून सांगितलं, "बाबा, आता पुरे. नववीत गेले मी." हे मला वैनींनी पुढे कधीतरी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज, भाजी निवडता निवडता. दुसऱ्या दिवशी मात्र ती दोन मिनिटं उभी राहिली होती म्हणे, फोनवर बोलत बोलत. ते शेवटचं.

रविवारबद्दल वैनी मला पुन्हा कधी बोलल्या नाहीत. दादाही बोलले नाहीत. त्या घरी भांडण झालं असेल असं लोकांना वाटेल, तर तसं काही झालं नाही. मी जायचो, चहा व्हायचा, फ्रिजवर वाकून कोणीतरी वेळ बघायचं. दादा आले की वैनी ताट वाढायच्या. दादा जेवले की ताट उचलायच्या. प्रणाली आतल्या खोलीत. सुनीता एकदा तिथून परत येताना जिन्यात म्हणाली, "त्यांच्याकडून शिका म्हणाले होते ना मी? राहू दे." मी विचारलं, का? तर म्हणाली, "काही नाही. आपल्याकडे निदान भांडतो आपण."

प्रणाली बारावी झाली, पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. तिच्या फीसाठी दादांनी कर्ज काढलं नाही, माती थांबवली नाही आणि पीएफही कमी केला नाही. कसं जमवलं, मला माहीत आहे, कार्डं माझ्याकडे असतात. त्या चार वर्षांत दिवाळीचा पाडवासुद्धा लाल आहे.

सत्तावन्नाव्या वर्षी कर्ज संपलं. मूळ मुदतीच्या तीन वर्षं आधी, निवृत्तीच्या एक वर्ष आधी. खांड पडलीच नाही. बँकेतून कागद आणायला मी सोबत गेलो. काउंटरवरच्या त्या बाई बदलून गेल्या होत्या. नव्या मुलाने एक खाकी पाकीट दिलं, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि "पुढचे या," म्हणाला. पुढचे कोणी नव्हते. आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. पैसे दादांनी दिले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा.

"कसं वाटतंय दादा?" मी विचारलं. असं काहीतरी विचारायलाच हवं होतं.

त्यांनी उरलेला रस संपवला. "दाढ काडली तवा गाल कसा असतंय," ते म्हणाले. "हात लावला तर हाय. पन आपला नाय." आणि ग्लास उलटा करून ठेवला.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी घरभर खिळे ठोकतील. वर्षभर एकही ठोकला नाही. विसरले असतील, किंवा वेळ झाला नसेल. रविवारी ते कंपनीतच होते. निवृत्तीपर्यंत सगळे रविवार भरले.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांची पेन्शनची आणि हिशेबाची कागदपत्रं घेऊन घरी गेलो, तेच मी त्यांना शेवटचं पाहिलं. नंतर मला कंपनीच्या दुसऱ्या प्लांटवर पाठवलं. फोन होतात, जाणं होत नाही. तो रविवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. दार वैनींनी उघडलं. पहिलं काय दिसलं तर माझं घड्याळ. समोरच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं. अठरा वर्षांनी लंबक हलत होता, थोडा अडखळत.

"बसा भावजी," वैनी म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे जाताना फ्रिजपाशी थांबल्या, त्याच्या रिकाम्या माथ्यावर वाकल्या, सरळ झाल्या आणि मग भिंतीकडे वळून वेळ पाहिली. "साडेधा झाले. चाय ठेवतंय." हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

दादा खोलीच्या दारापाशी भिंतीला तोंड करून उभे होते. कानावरची पेन्सिल हातात होती. दुसऱ्या हातात ती पिवळी पडलेली लॉगशीट.

"भाऊ, बरा आलास. टेपचा टोक जमिनीला धर."

मी कागदपत्रांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गुडघ्यांवर बसलो. माझ्या वयात गुडघे वाजतात, ते वाजले. दादांनी टेप वर ओढली, कागदात बघितलं, भिंतीवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पयली'. मग टेप थोडी वर. 'दुसरी'. मग 'तिसरी'. पिवळ्या भिंतीवर बारीक रेघा वर चढत गेल्या.  सहावीपासून त्यांना वाकावं लागलं नाही. 'नववी' ही रेघ त्यांच्या हनुवटीपाशी आली. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"नंतर वाढलीच असेल ना थोडी," मी खालून म्हणालो.

"वाडली ना. मना बगाला मान वर करावी लागतंय." त्यांनी टेप सोडली, ती सरसर माझ्या हाताशी येऊन थांबली. "दिवालीला येल तवा घेऊ."

वैनी चहा घेऊन आल्या होत्या. "चोवीस वर्साची पोरगी," त्या म्हणाल्या, "उबी रेल काय हो?" आवाजात टोमणा नव्हता. विचारलं होतं. दादांनी पेन्सिल कानावर ठेवली. वैनींनी कप ठेवले.

मी कागद काढले, समजावून सांगितले. पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, महिन्याला पेन्शन किती, पीएफ बँकेत ठेवला तर व्याज किती. दादांनी बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाले, "खोकावा नाय ना लागनार?"

"नाही दादा. मुळीच नाही."

"मंग झाला," ते म्हणाले, आणि सह्या केल्या. फुल्या मी त्या दिवशी केल्या नव्हत्या, कुठे सही करायची ते त्यांनी स्वतः शोधलं.

निघताना वैनींनी पापड दिले. दारात बसून मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. घड्याळात अकराचे ठोके पडले. ते ठोके देतं हे मला दुकानदाराने सांगितलं होतं, पण ऐकले मी पहिल्यांदाच. आत पाहिलं तर दादा पुन्हा भिंतीशी होते. या वेळी उकिडवे बसलेले, नाक भिंतीला लागेल इतके जवळ. सगळ्यात खालची रेघ, पहिलीची, पुसट आली होती. पेन्सिलला थुंकी लावून ते ती सावकाश गडद करत होते.